फर्माइशीचे राक्षस

१५४९ साली आमच्या नगरात एक राक्षस ओतला गेला. ओतणारा महंमद बिन हसन रूमी, ओतून घेणारा बुऱ्हाण निजामशहा. लांबी जेमतेम साडेचार मीटर, वजन पंचावन्न टनांच्या आसपास. आपण तिला मुलूखमैदान तोफ म्हणतो. पुढे ती परांड्याला गेली, तिथून विजापूरला, आणि आज तिथल्या शेरझा बुरुजावर उन्हात बसून आहे. पर्यटक तिच्यावर हात ठेवून फोटो काढतात आणि निघतात. मला मात्र तिच्या तोंडापासून हलावंसं वाटत नाही. तोफेचं तोंड म्हणजे एका श्वापदाचा उघडा जबडा. कुणी त्याला सिंह म्हणतं, कुणाला ती मगर वाटते. त्या जबड्यात, दातांच्या मधे, एक हत्ती चिरडला जातोय.

हा हत्ती कारागिराचा आहे, असं मला नेहमी वाटत आलंय. सुलतानाची फर्माइश तोफेची. फार तर तो म्हणाला असेल, शत्रूची गाळण उडेल असं काहीतरी तोंड करा. पण श्वापद किती मोठं आहे हे नुसतं श्वापद काढून कळत नाही. त्याच्या शेजारी बघणाऱ्याच्या ओळखीचं काहीतरी ठेवावं लागतं. त्या काळच्या सैनिकाला रणांगणावरची सगळ्यात मोठी ओळखीची गोष्ट कोणती? हत्ती. तोच दातात दिला की बाकीचं गणित बघणारा स्वतः करतो. आमच्या धंद्यात नव्या पोरांना ही गोष्ट शिकवायला फार वेळ लागतो. रूमीनं ती धातूत करून ठेवली आहे.

मी नगरात राहतो आणि राक्षस काढून पोट भरतो. राक्षस, यानं, तरंगते किल्ले, दोन सूर्यांचे ग्रह, शिंगवाल्या राण्या. कादंबऱ्यांची मुखपृष्ठं, पत्त्यांच्या खेळातली चित्रं, फाशांवर खेळायच्या त्या जाडजूड पुस्तकांतली पानं. माझे बहुतेक ग्राहक समुद्रापलीकडचे. त्यांचा दिवस सुरू होतो तेव्हा आमच्या सावेडीत जेवणं आटोपलेली असतात, त्यामुळे माझ्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळतो आणि शेजारचे काका मला कॉल सेंटरवाला समजतात. एका स्थळाकडच्या मामांनी विचारलं होतं, "फ्रीलान्स म्हणजे सध्या घरीच का?" आई म्हणाली, "घरीच, पण कामात." तिच्या उत्तरात माझा सगळा बायोडेटा आला.

बँकेत गंमत वेगळी. परदेशातून पैसे आले की कशाचे आले ते सांगावं लागतं. पावतीवर मी प्रामाणिकपणे लिहितो, दुतोंडी ड्रॅगन, नग एक. खिडकीपलीकडच्या बाईंनी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. आता त्या फक्त विचारतात, "या वेळी काय?" २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पत्ता बदलला, तेव्हा एका ग्राहकानं नव्या घराबद्दल अभिनंदन केलं. मीही आभार मानून टाकले. अहिल्याबाईंच्या चौंडीपासून सुरू करून सगळं समजवायचं तर रफ पाठवायला उशीर झाला असता.

काम कसं चालतं ते सांगतो. आधी ब्रीफ येतो. त्यात लेखक, संपादक आणि विक्री खातं या तिघांची स्वप्नं एकाच परिच्छेदात कोंबलेली असतात. मग मी काडेपेटीएवढी चार-पाच रफ काढतो. त्यातलं एक निवडलं जातं, बहुधा मला सगळ्यात कमी आवडलेलं. मग रंग, मग बदल, मग बदलाचे बदल, मग फायनल. या सगळ्यात माझं काय असतं? विषय त्यांचा, मोजमाप त्यांचं, शीर्षकासाठी वरची एक तृतीयांश जागा रिकामी ठेवायची तीही त्यांची. मग उरतं काय, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. त्याचं उत्तर एका घोरपडीनं दिलं.

डोंगरगणच्या वाटेवर, पावसाळा संपता संपता, एका बांधाच्या दगडावर ती ऊन खात पडली होती. मी गाडी लांब लावली आणि बसून राहिलो. जीभ निळसर, दुभंगलेली, मधूनच हवेत चाटून आत. अंगावरचे खवले चित्रात काढतात तसे कौलारू नव्हते, बारीक गोल मण्यांचे होते, आणि मानेपाशी त्यांच्या रांगा वाकत जात होत्या. नखांत ओली काळी माती. पण नजर अडकली ती पुढच्या पायाच्या कोपरावर. तिथली कातडी जास्तीची होती, थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घातल्यासारखी ढिली. पाय पुढं टाकला की ती ताणली जाई, मागं घेतला की तिच्या तीन-चार वळ्या पडत. एवढा मोठा प्राणी एवढा सहज कसा चालतो, ते त्या वळ्यांत होतं.

तेव्हा हातात एका ड्रॅगनचं काम होतं. घरी येऊन त्याचं कोपर पुसलं आणि घोरपडीचं बसवलं. पुढच्या दोन आठवड्यांत त्या ड्रॅगनचा रंग हिरव्याचा तांबडा झाला, शिंगं आली आणि गेली, पंख वटवाघळाचे होते ते फाटके झाले, तोंड उजवीकडचं डावीकडे वळलं. कोपराला कुणी हात लावला नाही. उलट शेवटच्या पत्रात कला-संपादकानं लिहिलं की हा प्राणी खरा का वाटतो ते सांगता येत नाही, पण वाटतो. मला सांगता येत होतं. फर्माइश त्यांची, कोपर माझं.

अद्भुताची सवय मला परदेशी पुस्तकांनी लावली नाही. आमच्याकडे श्रावणात आजी नवनाथांची पोथी लावायची. धुंडिसुत मालूनं शके १७४१ मध्ये लिहिलेल्या 'नवनाथ भक्तिसारा'चे चाळीस अध्याय आहेत, आणि त्यात जे घडत नाही असं काही उरलेलं नाही. मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटी, कानिफनाथ हत्तीच्या कानात, अस्त्रांवर अस्त्रं, बायकांचं राज्य, दगड होणारी माणसं, राखेतून उठणारी माणसं. आणि हे सगळं कुठं लांब नाही. कानिफनाथांची समाधी पाथर्डी तालुक्यात मढीला, गोरक्षनाथांचा गड नगरहून दिसतो. तिकडे पुणतांब्याला गोदाकाठी चांगदेवांचं देऊळ, म्हणजे वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन निघालेल्या माणसाचं. त्याला सामोरी गेलेली ज्ञानेश्वरादी चार भावंडं भिंतीवर बसून आली, ही कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याला मी आमच्या धंद्याचा आद्य पुरुष मानतो. वाघाला उत्तर म्हणून दुसऱ्या कुणी सिंह काढला असता, गरुड काढला असता. यानं भिंत काढली. १९४० साली प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये दामले-फत्तेलालांनी ती भिंत पडद्यावर चालवली. फत्तेलाल मुळात हाताने रंगवणारे, त्यामुळे ती भिंत आधी भिंत वाटते आणि मग चालते.

पोथीतली माझी आवडती कथा गहिनीनाथांच्या जन्माची. गोरक्ष संजीवनी मंत्र पाठ करत बसलाय. गावातली पोरं चिखलाची गाडी करून येतात आणि म्हणतात, गाडी झाली, आता आम्हाला गाडीवान करून दे. मंत्र तोंडात, चिखल हातात, असा तो बाहुला करतो. बाहुला जिवंत होतो आणि पोरं भूत भूत म्हणत पळत सुटतात. काय मागितलं होतं आणि काय मिळालं! पळून जाणारे ग्राहक मीही पाहिले आहेत, पण ते बिल पाहून पळतात.

लहानपणी दर महिन्याला 'चांदोबा' यायचा. मराठी 'चांदोबा' १९५२ साली सुरू झाला, आमच्या पिढीपर्यंत तो चांगलाच म्हातारा झाला होता, पण विक्रम-वेताळाचं चित्र तेच होतं. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, स्मशानातून निघालेला राजा. काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० साली गेले. वेताळापेक्षा मी राजाचा खांदा बघत बसायचो. प्रेताचं वजन तिथं होतं. राजाला न दमवता ते वजन दाखवणं किती कठीण, हे पुढं स्वतः प्रेतं उचलायला लागल्यावर कळलं, अर्थात कागदावरची.

शंकर नोकरीत होते. आमच्यासारखे सुटे कामकरी म्हणजे गोव्याहून मुंबईत आलेले दोघे. मडगावचे दीनानाथ दलाल आणि अस्नोड्याचे रघुवीर मुळगावकर, वयात दोनच वर्षांचं अंतर. दलालांनी 'दीपावली' अंक काढला, मुळगावकर चित्रकार एस. एम. पंडितांच्या हाताखाली तयार झाले. मुळगावकरांचे देव घराघरांतल्या कॅलेंडरांवर गेले आणि त्याच हाताची मुखपृष्ठं बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर आली. म्हणजे माजघरात लक्ष्मी आणि उशीखाली पिस्तूल, दोन्ही एकाच कुंचल्याची. कलेच्या इतिहासात अशा माणसांची सोय लावताना समीक्षकांची पंचाईत होते. 'व्यावसायिक' हा शब्द ते असा वापरतात की जणू बाकीचे चित्रकार हवेवर जगतात.

माळीवाडा स्टँडजवळ तेव्हा भाड्यानं कॉमिक्स मिळायची, तिथंच उभ्यानं वाचायची. त्यात नागराज भेटला. हिरवा, अंगभर खवले, मनगटातून साप सुटणारा. दिल्लीच्या राज कॉमिक्सनं १९८६ मध्ये तो काढला, आणि सुरुवातीच्या अंकांत तो रेखाटला होता पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. 'अमर चित्र कथे'त पुराणपुरुष काढून काढून त्यांचा हात तयार झालेला. त्यामुळे नागराजच्या खवल्यांखाली खरे स्नायू आहेत. हिंदी बोलणारा हा नाग पुण्यात जन्मला हे मला कळलं तेव्हा मी इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षेला बसत होतो, आणि त्या दिवशी प्रथमच वाटलं की राक्षस काढायला न्यूयॉर्कला जावं लागत नाही.

यानांचं शिक्षण मात्र वेगळ्या शाळेत झालं. माझे वडील साखर कारखान्यात फिटर होते. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवातच आमच्या जिल्ह्यातली, प्रवरानगरची, त्यामुळे कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली पोरं इथं ढिगानं आहेत. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडायची आणि मग चार-पाच महिने भोंग्यावर घर चालायचं. रात्रपाळीला मी वडिलांचा डबा घेऊन जायचो. ऊस भरलेल्या गाड्यांची लांबलचक रांग, बैल रवंथ करतायत, आणि अंधारात मधोमध हा लोखंडी प्राणी, शेकडो दिव्यांचा, अंगातून वाफ सोडणारा, बगॅस खाणारा. हवेत मळीचा आंबूस वास. चिमणीवर तांबडा दिवा, विमानांसाठी. आमच्यावरून विमान गेलेलं मला आठवत नाही, पण दिवा होता.

माझं पहिलं मोठं काम म्हणजे एका कादंबरीचं मुखपृष्ठ. ग्रहमालेबाहेर निघालेलं मालवाहू यान. मी ते गुळगुळीत काढलं, चंदेरी, माशासारखं. वडील चहा घेऊन आले आणि मागं उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हे उघडतं कुठनं?" त्यांनी विचारलं.

"उघडायला कशाला पाहिजे?"

"म्हणजे बिघडलं तर?"

मी म्हटलं, "दादा, हे तीनशे वर्षांनंतरचं आहे. बिघडत नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "माणसं आत आहेत ना? मग बिघडतं. हा पाइप बघ, इकडून आला आणि सरळ भिंतीत शिरला. फ्लँज नाही, बोल्ट नाही. वेल्डिंग केलं असं म्हणशील, तर सीझनच्या मधे चोकअप झाला तर कापणार का? आणि व्हॉल्व्ह असा वर का दिलायस? हात कसा पोचणार? माणूस उभा राहायला जाळी दे तिथं. जाळीला कठडा."

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून यान उघडलं. फ्लँज आली, आठ बोल्टांची. त्यातला एक बोल्ट त्यांनी वेगळ्या रंगाचा करायला लावला, "कधीतरी बदलला असणारच." जाळी आली, कठडा आला, व्हॉल्व्ह खाली आला. सांध्याखाली गळतीचा एक तपकिरी ओघळ आला, आणि त्या ओघळाखाली कुणीतरी तारेनं बांधलेला डबा. डब्याची कल्पना त्यांचीच. प्रकाशकानं तो डबा मोठा करून पुस्तकाच्या पाठीवरही छापला.

चेस्ली बोनस्टेल नावाचा एक अमेरिकन चित्रकार होता, १८८८चा जन्म, ९८व्या वर्षी गेला. शिकला वास्तुकला, मग हॉलिवूडमध्ये सिनेमांसाठी खोटी दृश्यं रंगवायचा. १९४४ साली 'लाइफ' मासिकात त्याची शनीची चित्रं आली, शनीच्या एकेका चंद्रावर उभं राहून तो कसा दिसेल याची. अंतरं आणि कोन मोजून काढलेली. त्यातलं टायटनवरचं चित्र जगभर गाजलं. बर्फाळ कडे, निळं आकाश, मधे कडं घातलेला शनी. २००५च्या जानेवारीत ह्युजेन्स यान खरोखरच टायटनवर उतरलं, तेव्हा खात्री पटली की तिथलं आकाश नारिंगी धुक्यानं भरलंय आणि त्यातून शनी दिसण्याची शक्यता नाही. विज्ञानानं चित्र रद्द केलं. तरी ते कुणी भिंतीवरून काढलं नाही, कारण त्यातले कडे खरे आहेत. त्या खडकाला हात लावला तर खरचटेल असं वाटतं.

माझे परग्रह मी निघोजहून आणतो. कुकडीच्या पात्रात तिथं रांजणखळगे आहेत. पुराच्या पाण्यात दगडगोटे भोवऱ्यात फिरून फिरून काळ्या कातळाला भोकं पाडतात, ती वाढत जाऊन विहिरीएवढी होतात, एकमेकांत फुटतात, कडांवर पातळ वळणं राहतात. मळगंगेच्या दर्शनाला आलेली मंडळी वरून डोकावतात, भेळ खातात. मी पोटावर झोपून आतल्या भिंती काढतो. एका ग्राहकानं विचारलं होतं की ही जमीन कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केली. मी नदीचं नाव लिहून पाठवलं, तर त्यानं नवं सॉफ्टवेअर समजून त्याची किंमत विचारली. चिलखती वाहनं लागली की आमचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ पासूनचं. पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन तिथं उभा आहे, आणि पत्र्याचं चिलखत घातलेली जुनी रोल्स-रॉइसही. सुटीच्या दिवशी पोरं त्यांच्यापुढं उभी राहून फोटो काढतात. मी सुरुंगानं वाकलेल्या पत्र्याच्या कडा शोधतो. अकोले तालुक्यात वर हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात मोठं लिंग आहे, भोवती चार खांब होते, त्यातला एकच धड उरलाय, आणि तो पडला की जग बुडेल म्हणतात. ते मी अजून कुणाला विकलेलं नाही. काही जागा स्वतःसाठी ठेवाव्यात.

आता पैशाचं आणि नावाचं बोलतो, कारण ललित लिहिणारे ते टाळतात. आपल्याकडचा १९५७चा कॉपीराइट कायदा सांगतो की चित्र ज्यानं काढलं तो त्याचा पहिला मालक. मग सतराव्या कलमात हळूच एक पोटकलम येतं. मोबदला देऊन कुणी चित्र काढून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालक तो काढून घेणारा. म्हणजे करार न करता मान डोलावली की राक्षस गेला. कलम सत्तावन्न मात्र हक्काचं. मालकी कुणाकडेही गेली तरी हे मी काढलं असं म्हणण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. मालकी विकता येते, बाप बदलता येत नाही, असा त्याचा मी लावलेला अर्थ. वकील याला हरकत घेतील. अमेरिकेत फ्रँक फ्राझेटा हट्टी होता. कॉननच्या कादंबऱ्यांवरची त्याची मुखपृष्ठं छापून झाली की मूळ चित्र परत मागायचा. त्याचं 'इजिप्शियन क्वीन' २०१९ मध्ये ५४ लाख डॉलरला गेलं. माझ्या बाबतीत मुश्कील अशी की मूळ चित्र नावाची वस्तूच नाही. टॅब्लेटवर काढलेल्या चित्राला मूळ कुठलं! लेयर सगळे उघडे ठेवलेली एक फाइल असते, ती मी जपतो. त्यात सर्वांत खाली पहिलं रफ असतं, जे कुणी पाहिलेलं नसतं.

नावाची गोष्ट जुनी आहे, आणि तीही नगरचीच. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे फारसी हस्तलिखित आहे. हुसेन निजामशहाची आणि त्याच्या राणीची, खुंजा हुमायूनची, स्तुती. काव्य आफताबी नावाच्या कवीचं, १५६५च्या तालिकोटच्या लढाईच्या आगेमागे लिहिलेलं, आणि आत निजामशाही चित्रं. दख्खनच्या चित्रकलेचा विचार सुरू होतो तो अशा मोजक्या पानांपासून. कवीचं नाव आपल्याला माहीत आहे. चित्रकाराचं नाही.

या चित्रांत राजाशेजारी राणी बसलेली होती, बरोबरीनं, अगदी लगटून. सुलतानाच्या शेजारी बेगम अशी उघड काढायची पद्धत नव्हती, म्हणून तर तिचं मोल. हुसेन गेला, राणीनं मुलाच्या नावानं कारभार चालवला, आणि १५६९च्या सुमारास मुलानं, मुर्तझानं, तिलाच कैदेत टाकलं. त्यानंतर बहुतेक चित्रांतून राणी पुसली गेली. अभ्यासक पुसण्याचा संबंध या कैदेशी लावतात. आमच्या भाषेत सांगायचं तर फायनल झालेल्या कामावर ग्राहकाचा मुलगा आला आणि म्हणाला, आईला काढा. असले बदल मला अजून कुणी सुचवलेले नाहीत, पण जवळपासचे सुचवलेत. एका कादंबरीच्या मुखपृष्ठावरून लेखकानं घटस्फोटानंतर एक योद्धी काढायला लावली होती.

त्याच हस्तलिखितात एक झाड आहे. स्त्रीच्या स्पर्शानं फुलणारं झाड, आपला जुना दोहदाचा संकेत, फारसी स्तुतिकाव्याच्या पानावर. संस्कृत काव्यातली कल्पना, इराणी वळणाचं पान आणि दख्खनचा हात. राजाराणीसारखीच सजावटीची फर्माइश असेल. पण ते झाड काढणाऱ्यानं बागेत उभं राहून फांदी पाहिली आहे. नगरच्या बागा तेव्हा नावाजलेल्या होत्या. राणी पुसता येते. झाड कुणाच्या डोळ्यांत खुपलं नाही.

नावावरून आठवलं. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ साली एक कथा आली, 'कृष्णविवर'. लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे जयंत नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेले. आपल्या नावाच्या वजनावर कथा निवडली जाऊ नये म्हणून लपलेले. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, आणि थोडा हेवाही. नाव लपवण्यासाठी आधी ते दिसत असावं लागतं.

सध्या तर नुसतं नाव पुरतं. ग्रेग रुटकोव्स्की नावाचा पोलिश चित्रकार आहे, ड्रॅगन आणि लढाया काढणारा. २०२२ मध्ये चित्र करून देणारी यंत्रं आली, तेव्हा जगभर लोक त्यांना सूचना देताना त्याचं नाव लिहू लागले. हजारो वेळा, हजारो हातांनी. नाव त्याचं, काम त्याचं नाही, पैसे त्याला नाहीत. आता मला ब्रीफबरोबर यंत्राची चित्रं येतात, "साधारण असं". ती वाईट नसतात, हे आधी कबूल केलं पाहिजे. त्यातला प्रत्येक ड्रॅगन आधीच्या सगळ्या ड्रॅगनांसारखा असतो. मोठी मुखपृष्ठं अजून माझ्याकडे येतात. गेलं ते बारीकसारीक काम. खेळातल्या तलवारी, ढाली, औषधाच्या बाटल्या, नाणी, एका दिवसात दहा काढायची असली. त्यावर मी रंग शिकलो. जामखेडची एक मुलगी माझ्याकडे शिकायला येते, तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तिनं बाटल्या कुठं काढायच्या? लोक मला विचारतात, तुझी नोकरी जाणार का. नोकरी मला कधीच नव्हती. काळजी त्या बाटल्यांची आहे. तिला मी दर रविवारी कुठंतरी पिटाळतो. मागच्या आठवड्यात ती खर्ड्याच्या किल्ल्यावरून दाराच्या बिजागऱ्यांची पानं भरून घेऊन आली.

परवा एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. मराठी काम मी वर्षातून एखादंच घेतो, परवडत नाही, पण सोडवतही नाही.

"मंगळावरची वारी," ते म्हणाले. "दिंडी, पताका, मागं लाल डोंगर. विशेषांक विज्ञानकथांचा आहे."

मी म्हटलं, "कल्पना छान आहे. पण तिथला हवेचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. पताका फडकणार नाही. आडवी काठी घालावी लागेल."

"अहो, पताका फडकायलाच पाहिजे. मुखपृष्ठ आहे ते."

मग मानधनावर आलो. त्यांनी आकडा सांगितला, मी गप्प राहिलो. त्यांनी वाढवला, मी थोडा उतरलो. नाव कुठं येईल विचारलं, तर म्हणाले अनुक्रमणिकेच्या खाली असतंच की. मी म्हटलं मुखपृष्ठावर हवं. त्यांनी सांगितलं की खालची पट्टी सराफांच्या जाहिरातीची आहे. शेवटी ठरलं असं की पताका फडकवायची, आणि नाव पाठीच्या बाजूला, अंकाच्या किमतीच्या वर. मी लगेच दोन ओळींचा करार पाठवला. त्यांनी तो न वाचता "ठीक" असं उत्तर दिलं. सतरावं कलम वाचलेलं नसणार.

रफ गेलं. सगळे वारकरी अवकाशवेषात, टाळ हातमोज्यांत, तुळशीवृंदावनावर काचेचा घुमट. दोन दिवसांनी निरोप आला. रफ आवडलं, मंडळी खूश आहेत, फक्त एक. वारीत बूट बरे दिसत नाहीत. अनवाणी करता येतील का?

निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीला जाते ती आमच्या शहरावरून. दर वर्षी मी रस्त्याच्या कडेला बसून पाय काढतो. माझ्या वह्यांत टाचांच्या भेगा आहेत, भेगांत बसलेलं डांबर आहे, अंगठ्याला बांधलेली चिंधी आहे. वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले बूट पाहिजेतच, पण बूट पारदर्शक असतील तर काय हरकत आहे, फक्त घोट्यापाशी क्लॅम्प दे आणि आत घाम सुटणार, तो कुठून काढणार ते बघ. म्हणून सध्या पंधरा वारकऱ्यांचे तीस बूट काचेचे करतोय, प्रत्येक घोट्याला क्लॅम्प, आतून दमटपणा. ॲडव्हान्स अजून आलेला नाही.